ऊतींची वाहकता मोजण्याआधी मीटर कोणते तापमान धरतो ते पाहा

इंदूरला रामबागेत खोली घेऊन वैद्यकीय उपकरणांच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा अगार आणि मिठाच्या पाण्याचा फँटम (ऊतींच्या जागी वापरायचा कृत्रिम नमुना) तापवून त्याची वाहकता नोंदवणे हे माझे पहिले काम होते. ऊतींमधून वीज आयन वाहून नेतात, तापमान वाढले की द्रवाचा चिकटपणा घटून त्यांची हालचाल सुकर होते आणि वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते, हे आपण सर्वच शिकून आलेले असतो. माझ्या वहीत मात्र २५ आणि ३७ अंशांपुढे जवळजवळ एकच आकडा होता. तीन आठवडे मी मीठ पुन्हा तोलले, इलेक्ट्रोड पुन्हा घासले आणि शेवटी रडकुंडीला आले.

दोष मीटरमधल्या तापमान-भरपाईचा होता. हे मीटर प्रामुख्याने पाण्याच्या तपासणीसाठी बनवलेले असल्यामुळे ते नमुन्याचे तापमान पाहून, तोच नमुना २५ अंशांना असता तर किती वाहकता दाखवली असती, तो आकडा पडद्यावर देतात. ०.९ टक्के मिठाच्या पाण्याची वाहकता २५ अंशांना सुमारे १.६ आणि ३७ अंशांना सुमारे २ सीमेन्स प्रति मीटर असते. भरपाई चालू असेल तर दोन्ही वेळा १.६ च दिसते. जो परिणाम मोजायचा, तोच मीटर पुसून टाकतो. म्हणून भरपाई आधी बंद करा. त्यानंतर ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने सेल (मीटरचा इलेक्ट्रोड असलेला, द्रवात बुडणारा भाग) तपासताना बाटलीवरचे १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर डोळे मिटून धरू नका, कारण तो आकडा २५ अंशांचा आहे आणि मे महिन्यातल्या आपल्या दुपारी ते द्रावण २५ अंशांना नसते.

चूक झालीच असेल तर घाबरू नका. प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहिलेले असेल आणि मीटरमधला गुणांक (तो दर अंशाला किती टक्के भरपाई करतो) ठाऊक असेल, तर मूळ आकडे उलट गणिताने परत मिळतात, माझे मिळाले. ते मला सुचवणाऱ्या ज्येष्ठांनी उत्तर न देता फक्त 'हा आकडा किती अंशांचा?' एवढेच विचारले होते, आणि असाच मार्गदर्शक शोधावा असे माझे ठाम मत आहे. ऊतींच्या विद्युत गुणधर्मांचे १९९६ चे गॅब्रिएल यांचे तक्ते उतरवून घेणाऱ्यांनाही मी हाच प्रश्न विचारते.

बोकडाच्या कलेजीवर काम कराल तेव्हा २ टक्क्यांचा नियम फार दूर ताणू नका. रेडिओफ्रीक्वेन्सी अब्लेशनमध्ये, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विजेने ऊती तापवून नष्ट करण्याच्या उपचारात, ऊती तापताना इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) आधी उतरतो, पण १०० अंशांजवळ पाणी उकळून ऊती करपू लागली की तो एकदम चढतो. त्याच्या कितीतरी आधी, ५० ते ६० अंशांपुढे, पेशींची आवरणे फाटू लागतात आणि तो बदल थंड झाल्यावर भरून निघत नाही. म्हणून तापवतानाच्या नोंदींवर न थांबता तोच तुकडा निवतानाच्या नोंदीही घ्या, आणि दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत तर त्या जुळवण्याचा प्रयत्न करू नका.