टेनिसच्या बळावर कॉलेजची शिष्यवृत्ती: विदर्भातील गावांमधल्या पालकांसाठी

नववीची गुणपत्रिका घरात सापडत असेल, तर ती आधी प्लास्टिकच्या पाकिटात घालून वेगळी ठेवावी. आपल्याकडे दहावीची गुणपत्रिका सात-बाराच्या उताऱ्यासारखी जपली जाते. नववीची मात्र पुस्तकांबरोबर रद्दीत जाते. अमेरिकेतील कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संघटना खेळाडूची शैक्षणिक पात्रता ठरवताना नववी ते बारावी या चारही वर्षांचे गुण तपासते. माझ्या ओळखीच्या एका मुलाला नववीच्या निकालाची प्रत शाळेच्या जुन्या नोंदवहीतून मिळवण्यासाठी सहा चकरा माराव्या लागल्या, आणि तोवर तिकडच्या एका कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्याची जागा दुसऱ्या खेळाडूला देऊन टाकली होती. गुणपत्रिका मराठीत असेल, तर मूळ प्रतीबरोबर तिचे ओळीला ओळ जुळणारे इंग्रजी भाषांतरही द्यावे लागते.

शिष्यवृत्ती देणारा कोणी आपल्या तालुक्यात खेळाडू शोधत येणार नाही, हे एकदा मनाशी पक्के केले की पुढची कामे सोपी होतात. जिल्ह्याच्या ऑफिसर्स क्लबच्या एकाच सिमेंटच्या कोर्टवर, उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला खेळ सुरू करून आठच्या आत आटोपणारा मुलगा कितीही चांगला असला, तरी बाहेरच्या माणसाला त्याच्याविषयी जे कळते ते कागदावरूनच कळते. म्हणून खेळाच्या सरावाइतकीच त्या कागदांची तयारी आठवी-नववीपासून करावी लागते.

पहिला कागद म्हणजे स्पर्धांची नोंद. अखिल भारतीय टेनिस संघटनेकडे, म्हणजे आयटाकडे, खेळाडूची नोंदणी करून घ्यावी. त्यासाठी ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा जन्मदाखला लागतो. येथेच नावाचा घोळ सुरू होतो. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात जाते आणि खेळाच्या नोंदणीत कोणी तरी वडिलांचे नाव गाळून टाकतो. तिन्ही ठिकाणी इंग्रजी स्पेलिंग अक्षरशः एकच राहील, याची काळजी पहिल्याच दिवशी घ्यावी. पुढे प्रतिज्ञापत्रे करत बसण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

आयटाच्या कुमार गटातील स्पर्धा टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज आणि नॅशनल सिरीज अशा चढत्या पायऱ्यांच्या असतात. आपल्या भागातील मुलांना नागपूर सगळ्यात जवळचे. त्यानंतर रायपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक आणि पुणे. वर्धा किंवा बडनेरा स्थानकावरून रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी सामना खेळण्याचा मोह टाळावा, कारण थकलेल्या अंगाने पहिल्या फेरीत हरलेला सामनाही नोंदीत कायम राहतो. वर्षाला वीस स्पर्धांना धावण्यापेक्षा आठ-दहा स्पर्धा निवडून, आदल्या दिवशी पोहोचून खेळलेल्या बऱ्या. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत घरी माणसांची आणि पैशांची दोन्हीची ओढाताण असते, त्यामुळे त्या महिन्यांतील स्पर्धा कोणत्या आणि त्या खरोखर खेळायच्या आहेत का, हे जूनमध्येच ठरवावे.

शालेय स्पर्धांचे महत्त्व वेगळे आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा जिल्ह्यापासून विभागापर्यंत, तेथून राज्य आणि राष्ट्रीय पातळीपर्यंत जातात. ग्रामीण जिल्ह्यांत टेनिसच्या प्रवेशिका इतक्या थोड्या असतात की दोन सामने जिंकून मूल विभागीय पातळीवर पोहोचू शकते. अमेरिकेतील प्रशिक्षकाला या प्रमाणपत्राचे फारसे अप्रूप नसते. परंतु महाराष्ट्रात दहावी-बारावीचे क्रीडा गुण, भारतातील कॉलेजांचा क्रीडा कोटा आणि पुढे शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण या साऱ्यांसाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रेच विचारली जातात, आणि कोणत्या लाभासाठी कोणती पातळी लागते याचे निकष वेगवेगळे आहेत. म्हणून प्रमाणपत्र हातात पडताच त्यावरील जन्मतारीख, वयोगट आणि वर्ष वाचून पाहावे व चूक असल्यास त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावी.

परदेशी प्रशिक्षक ज्या आकड्याकडे प्रथम पाहतो, तो म्हणजे यूटीआर, अर्थात युनिव्हर्सल टेनिस रेटिंग. हे मानांकन १ ते १६.५ असे असून आकडा जितका मोठा तितका खेळाडू वरचढ. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा वर्ल्ड टेनिस नंबर नेमका उलटा चालतो, ४० पासून खाली १ पर्यंत. अनेक पालक या दोहोंची गल्लत करतात आणि ईमेलमध्ये भलताच आकडा अभिमानाने लिहितात. कोणत्या स्पर्धेचे निकाल यूटीआरमध्ये जमा होणार आहेत, हे प्रवेशिका भरण्याआधी आयोजकांना विचारावे. अमेरिकेतील पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे एनसीएएच्या डिव्हिजन एकच्या, बळकट संघांत मुलांचे मानांकन साधारणपणे १२ च्या पुढे आणि मुलींचे ९-१० च्या पुढे असते. आपले मूल त्याच्या बरेच खाली असेल, तर त्याला अमेरिकेत जागाच नाही असे नव्हे. त्याने दुसऱ्या श्रेणीची (डिव्हिजन दोन), एनएआयए या कॉलेज-खेळांच्या वेगळ्या संघटनेची किंवा बारावीनंतरची दोन वर्षांची, तिकडे ज्युनिअर कॉलेजे म्हणतात ती, कॉलेजे पाहावीत.

या श्रेणींमधला पैशांचा फरक समजून घेतल्याशिवाय एकही अर्ज करू नये. एनसीएएच्या डिव्हिजन एक आणि दोनमधील कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देतात, डिव्हिजन तीनमधील कॉलेजे देत नाहीत. तेथे गुणवत्तेवर किंवा आर्थिक गरजेवर मदत मिळते. हार्वर्ड, येल यांसारखी आयव्ही लीगची विद्यापीठे डिव्हिजन एकमध्ये खेळत असली, तरी क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. पूर्वी डिव्हिजन एकमधील मुलींच्या संघाला ८ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि मुलांच्या संघाला फक्त साडेचार, ज्या सात-आठ जणांत वाटल्या जात. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, तीत सहभागी झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांच्या संख्येऐवजी संघाच्या आकाराची मर्यादा लागू झाली असून टेनिससाठी ती १० खेळाडूंची आहे. मात्र दहाही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे म्हणून तेवढा पैसा त्या कॉलेजाकडे असतोच असे नाही.

त्यामुळे ‘शिष्यवृत्ती मिळाली’ हे वाक्य ऐकून पेढे वाटू नयेत. किती टक्के आणि कशाच्या, हे विचारावे. समजा, एका कॉलेजचा शिक्षण, निवास व जेवण मिळून वर्षाचा खर्च ४५,००० डॉलर आहे, त्यांपैकी टेनिससाठी १८,००० आणि बारावीच्या गुणांवर ९,००० मिळाले. उरलेले १८,००० डॉलर म्हणजे वर्षाला १५ लाख रुपयांच्या वर होतात, आणि विमानभाडे व आरोग्य विमा त्यात नाही. चार वर्षांचा हा हिशेब कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला झेपणारा नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॉलेजच्या आवारात काम करता येते; त्यातून वरखर्च निघतो, फी निघत नाही. या उदाहरणातील ९,००० डॉलर अभ्यासाचे आहेत, याकडे मुलांचे लक्ष अवश्य वेधावे. अशी गुणवत्तेची मदत अनेक कॉलेजे देतात.

अभ्यासाच्या बाबतीत अकरावीची शाखा निवडताना सर्वांत मोठी चूक होते. डिव्हिजन एक आणि दोनच्या पात्रतेसाठी १६ मूलभूत विषय लागतात, आणि एका विषयाचे एक वर्ष म्हणजे त्यांतला एक. डिव्हिजन एकसाठी त्यांची वाटणी अशी: इंग्रजीची चार वर्षे, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, सामाजिक शास्त्रांची दोन आणि उरलेली इतर मान्य विषयांची. नववी-दहावीत गणिताची दोनच वर्षे भरतात. म्हणजे अकरावीला कला शाखा घेऊन गणित सोडणाऱ्या मुलाचे डिव्हिजन एकसाठी एक वर्ष कमी पडते, आणि हे त्याला बारावीनंतर कळते. एसएटी किंवा एसीटी या तिकडच्या प्रवेश परीक्षांची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली असली, तरी एखादे कॉलेज ती प्रवेशासाठी मागू शकते. इंग्रजीची परीक्षा मात्र मराठी माध्यमाच्या मुलाने गृहीतच धरावी.

आपल्याकडे बारावीनंतर नीट किंवा सीईटीसाठी एक वर्ष ‘ड्रॉप’ घेण्याची रीत आहे. टेनिसपटूला ती महागात पडू शकते. डिव्हिजन एकमध्ये शालेय शिक्षण संपल्यानंतर साधारण सहा महिन्यांची सवलत असते. त्यानंतर कॉलेजात नाव न घालता स्पर्धा खेळत राहिल्यास खेळण्याच्या वर्षांत कपात होते, असा तेथील नियम आहे. पात्रतेचे हे नियम सध्या वरचेवर बदलत असल्यामुळे अर्जाच्या वर्षी एनसीएएच्या संकेतस्थळावरचा ताजा मजकूरच प्रमाण मानावा. बक्षिसाच्या रकमेबाबतही हेच लागू आहे: मिळालेला प्रत्येक रुपया आणि त्या स्पर्धेवर झालेला खर्च एका वहीत लिहून पावत्या चिकटवून ठेवाव्यात.

प्रशिक्षकाला ईमेल मुलाने स्वतः लिहावा, वडिलांनी नव्हे. बारावी उत्तीर्ण होण्याचे वर्ष, यूटीआर, आयटा क्रमवारी, दहावीचे टक्के, आवडीचा विषय आणि सामन्याच्या चित्रफितीचा दुवा एवढे सात-आठ ओळींत बसते. चित्रफितीसाठी मोबाइल बेसलाइनच्या मागे उंचावर बांधावा आणि निवडक फटक्यांबरोबर एक पूर्ण सेट कापाकापी न करता द्यावा. डिव्हिजन एकचे प्रशिक्षक दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपूर्वी भरतीविषयी उत्तर देऊ शकत नाहीत. त्या आधीचे मौन म्हणजे नकार समजू नये. चाळीस ईमेलना पाच उत्तरे आली, तर ते चांगले चालले आहे असे समजावे. हेच काम काही लाख रुपये घेऊन करणारे दलाल शहरांत भेटतात. मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या टक्केवारीवर शुल्क मागणाऱ्याच्या वाटेलाच जाऊ नये, कारण एनसीएएच्या नियमांत ते बसत नाही आणि मुलाची पात्रता धोक्यात येते.

या वाटेने आपली माणसे गेलेली आहेत. सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी दोन वर्षे एनसीएएचे एकेरीचे विजेतेपद मिळवले. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि पुढे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकली. मात्र कॉलेजात जाण्यापूर्वीच या दोघांची कुमार गटातील कामगिरी नोंदवली गेलेली होती.

माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी भारतातील दारे आधी ठोठवावीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ किंवा गोंडवाना विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येते आणि तेथून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचा मार्ग उघडतो. काही खासगी विद्यापीठे चांगल्या खेळाडूची फी आणि वसतिगृह माफ करतात. ही माफी किती वर्षांची आहे आणि दुखापत झाल्यास ती राहते का, हे लेखी घ्यावे. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या आहेत आणि त्यांपैकी एक मुलींसाठी आहे. अर्थात त्यासाठी जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत यावे लागते. शिवाय ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींना राज्यात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अशा घरातील मुलीने क्रीडा शिष्यवृत्तीमागे धावण्याआधी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरावा.

परदेशाचे ठरलेच, तर पैशांचे कागद बारावीच्या दिवाळीपासून जमवावेत. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा उरलेला खर्च बँकेत किंवा मंजूर कर्जाच्या रूपात दाखवावा लागतो. सात-बारा दाखवून ती गरज भागत नाही. शैक्षणिक कर्जासाठी बँका शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, अकृषक भूखंड किंवा गावठाणाबाहेरचे मंजूर बांधकामाचे घर मागतात, म्हणून आजोबांच्या नावावरची वाटणी किंवा फेरफार बाकी असेल तर तलाठ्याकडे आधी जावे. बारावीचा निकाल मेमध्ये, तिकडचे सत्र ऑगस्टमध्ये; कॉलेजकडून आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद येताच सेविस शुल्क (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकेतील सरकारी नोंदणीचे शुल्क) भरून मुंबईच्या मुलाखतीची तारीख घ्यावी. मुलाखतीत बहुधा टेनिसविषयी कमी आणि शिकण्याविषयी जास्त विचारतात. तेथे कोणता विषय शिकणार, तोच का, आणि उरलेला खर्च कोण करणार, ही तीन उत्तरे मुलाने पाठ न करता, स्वतःच्या साध्या इंग्रजीत देता यावीत एवढा सराव घरी करून घ्यावा.