कॅमेऱ्याच्या कार्डावरचं फुटेज एडिटिंगला कसं घ्यावं

दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिप ‘इम्पोर्ट’ केली की ती प्रोजेक्टमध्ये साठवली गेली, असा पुष्कळांचा समज असतो. तसं होत नाही. फाइल डिस्कवर कुठे आहे एवढाच पत्ता सॉफ्टवेअर लिहून ठेवतं. थेट कार्डावरून क्लिप्स ओढून टाइमलाइनवर (क्लिप्स क्रमाने लावायच्या पट्टीवर) टाकल्या, रात्रभर एडिट केलं आणि सकाळी कार्ड काढून कॅमेऱ्यात घातलं, की सगळी टाइमलाइन लाल होते आणि जिथे तिथे ‘मीडिया ऑफलाइन’. त्यात ते कार्ड संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी फॉरमॅट झालं असेल, तर हळदीचं शूटिंग गेलंच म्हणायचं.

म्हणून आधी कार्ड पूर्ण कॉपी करायचं आणि इम्पोर्ट त्या कॉपीतूनच करायचा. उदाहरणाला घरातलं लग्न घेऊ: सोनीचा मिररलेस कॅमेरा, एसडी कार्ड आणि रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. इतर कॅमेऱ्यांचे आणि सॉफ्टवेअरचे फरक ओघात येतील.

जागेचा हिशोब

४के रेकॉर्डिंग सेकंदाला १०० मेगाबिटवर ठेवलं असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे मिनिटाला ७५० एमबी आणि तासाला ४५ जीबी. हळद, लग्न आणि रिसेप्शन मिळून सहा तासांचं शूट झालं तर २७० जीबी झाले. त्याच्या दोन कॉपी हव्यात, त्याही दोन वेगळ्या डिस्कवर. एकाच डिस्कवरच्या दोन फोल्डरांना बॅकअप म्हणता येत नाही, कारण डिस्क गेली की दोन्ही जातात. एक्स्टर्नल डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरणार असेल तर ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली बरी. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक वाचतो, पण आपलं आपण तिच्यावर काही लिहू शकत नाही.

कार्ड कॉपी करणं

कार्डाच्या कडेला छोटी लॉकची खिटी असते, ती खाली सरकवा. आता कॉम्प्युटरकडून चुकूनही कार्डावर काही लिहिलं किंवा पुसलं जाणार नाही. कॅमेरा केबलने जोडण्यापेक्षा कार्ड रीडर वापरा. केबलने काम होतं, पण मध्येच बॅटरी संपली की कॉपी अर्धवट राहते. रीडर मात्र यूएसबी ३ चा हवा. जुन्या यूएसबी २ च्या रीडरवर सेकंदाला तीस-चाळीस एमबीच्या वर वेग मिळत नाही आणि ६४ जीबीचं भरलेलं कार्ड कॉपी व्हायला अर्धा तास जातो.

कार्ड उघडलं की सोनीच्या कार्डावर ‘प्रायव्हेट’ नावाचं फोल्डर दिसतं, त्यात ‘एम४रूट’ आणि त्याच्याही आत ‘क्लिप’. खरे व्हिडिओ तिथे असतात, म्हणून बहुतेक जण नेमक्या त्या एमपी४ फाइल उचलतात आणि बाकीचं सोडून देतात. एमपी४ पुरतं हे एक वेळ चालून जातं. एव्हीसीएचडी या जुन्या व्हिडिओ पद्धतीच्या कॅमकॉर्डरच्या बाबतीत मात्र ते अंगाशी येतं. त्या कॅमेऱ्यांची कार्डं फॅट३२ पद्धतीची असायची आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे सलग तासभर चाललेलं सप्तपदीचं रेकॉर्डिंग कार्डावर तीन-चार एमटीएस (म्हणजे या कॅमेऱ्यांच्या व्हिडिओ) फाइलींत तुटलेलं असतं. हे तुकडे एकमेकांचे आहेत ही माहिती फाइलींत नसून आजूबाजूच्या छोट्या फाइलींत असते. नुसते एमटीएस उचलून एकापुढे एक लावले की सांध्यावर काही फ्रेमचा आवाज गळू शकतो, आणि तो नेमका मंगलाष्टकांच्या मधोमध गळतो. फोल्डरांची रचना जशीच्या तशी असेल तर प्रीमियर या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमध्ये हे तुकडे एकच अखंड क्लिप म्हणून दिसतात. गोप्रोही मोठं रेकॉर्डिंग तोडतो, पण त्याची खूण फाइलच्या नावातच असते: ‘जीएक्स०१०१२३’ नंतरचा तुकडा ‘जीएक्स०२०१२३’. पहिले दोन आकडे तुकड्याचे आणि पुढचे चार क्लिपचे. नावाप्रमाणे क्रम लावला तर वेगवेगळ्या क्लिप्सचे पहिले तुकडे एकत्र येतात, तेव्हा शेवटचे चार आकडे पाहून जोड्या लावा.

तर, कार्डावरचं सगळं घ्या, अगदी निरुपयोगी वाटणाऱ्या फाइलींसकट. त्या काही फार जागा खात नाहीत.

डिस्कवर प्रोजेक्टचं एक फोल्डर करून त्यात प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर द्या: ‘०१_हळद_कॅमेरा-अ_कार्ड-१’, ‘०२_लग्न_कॅमेरा-अ_कार्ड-२’ अशी नावं. हा सोपस्कार वाटेल, पण सोनीचे कॅमेरे बऱ्याचदा नवीन कार्डावर पुन्हा ‘सी०००१’ पासूनच मोजायला लागतात. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली की कॉम्प्युटर विचारतो, आधीची फाइल बदलू का? घाईत ‘हो’ दाबलं की नवरदेवाची वरात गेली.

साध्या कॉपी-पेस्टपेक्षा रिझॉल्व्हमधलंच क्लोन टूल चांगलं, आणि ते मोफत आवृत्तीतही आहे. खालच्या पट्टीतून मीडिया पेज उघडा, वर डावीकडे ‘क्लोन टूल’ दिसेल. ‘अ‍ॅड जॉब’ दाबा, सोर्समध्ये कार्ड टाका आणि डेस्टिनेशनमध्ये दोन्ही डिस्कवरची फोल्डरं. मग ‘क्लोन’. ते फाइल कॉपी करून थांबत नाही. मूळ आणि कॉपी तंतोतंत सारख्या आहेत का, हे चेकसमने, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने, पडताळून पाहतं. पैसे घेऊन दुसऱ्याचं लग्न शूट करणाऱ्याने तरी हे टाळू नये.

इम्पोर्टच्या आधी फ्रेम रेट

फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती फ्रेम. रिझॉल्व्हचं नवीन प्रोजेक्ट २४ फ्रेमवर उघडतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॉलमधल्या ट्यूबलाइट फडफडू नयेत म्हणून इथे शूटिंग साधारण २५ किंवा ५० फ्रेमवर होतं. उजवीकडे खाली असलेल्या चक्रावर क्लिक करून प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा आणि ‘टाइमलाइन फ्रेम रेट’ २५ करा. हे आत्ताच करायचं, कारण टाइमलाइन एकदा तयार झाली की तिचा फ्रेम रेट बदलता येत नाही. पहिली क्लिप आणताना ‘क्लिपचा फ्रेम रेट वेगळा आहे, प्रोजेक्टचा बदलू का?’ अशी विचारणा आली, तर ती क्लिप कुठली आहे ते आधी बघा. मुख्य कॅमेऱ्याची असेल तर बदला. मामांच्या फोनवरची ३० फ्रेमची असेल तर बदलू नका.

आता इम्पोर्ट

मीडिया पेजवर वर डावीकडे डिस्कांची यादी असते, तिला मीडिया स्टोरेज म्हणतात. खाली असतो मीडिया पूल, म्हणजे प्रोजेक्टमध्ये घेतलेल्या क्लिप्सची यादी. स्टोरेजमध्ये आपलं प्रोजेक्ट फोल्डर शोधा, त्यावर राइट क्लिक करा आणि उपफोल्डरांसह बिन (पूलमधली फोल्डरं) तयार करणारा पर्याय निवडा. डिस्कवर जशी फोल्डरं तशीच बिनं पूलमध्ये तयार होतात. हे डिस्कवरचं फोल्डर आहे, कार्डावरचं नाही, याची खात्री करून घ्या. सोपा उपाय म्हणजे क्लोन झाल्यावर कार्ड रीडरमधून काढूनच टाकायचं.

प्रीमियरमध्ये हेच काम मीडिया ब्राउझरमधून करा. फाइल एक्स्प्लोररमधून फाइली ओढून आणण्याची सवय तिथे टाळलेली बरी. ॲपलच्या फायनल कटमध्ये कार्ड लावून इम्पोर्टची खिडकी उघडली तर फाइली लायब्ररीत कॉपी करून घेता येतात. पण ती कॉपी मागे चालू असते. ती पूर्ण होईपर्यंत कार्ड काढू नका.

क्लिप आली, पण चित्र नाही

आवाज येतो आणि पडदा काळा, असं झालं तर बहुधा फुटेज १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारचं आहे. विंडोजवरची मोफत आवृत्ती अशा फाइलींपाशी अनेकदा अडते. लिनक्सवरची मोफत आवृत्ती तर एच.२६४ या नेहमीच्या प्रकारात दाबलेला व्हिडिओसुद्धा उघडत नाही. तेव्हा शटर एन्कोडर या मोफत सॉफ्टवेअरने फाइली डीएनएक्सएचआर या एडिटिंगच्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या. फाइली बऱ्याच फुगतात, तेवढी जागा राखून ठेवा.

चित्र येतंय पण अडखळत चालतंय, तर दोष फुटेजचा नाही. एच.२६५ प्रकारात जास्त दाबलेला व्हिडिओ उलगडताना लॅपटॉप दमतो. मीडिया पूलमध्ये क्लिप्स निवडून राइट क्लिकमधून ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’ द्या आणि जेवून या. एडिटिंग प्रॉक्सीवर, म्हणजे क्लिप्सच्या हलक्या कॉपींवर चालतं. शेवटच्या एक्स्पोर्टला मूळ फाइलीच वापरल्या जात आहेत ना, एवढं डिलिव्हर पेजवर तपासा.

नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ हा वेगळा त्रास आहे. वाटेतच दाबून बारीक झालेले असतात, त्यांचं नंतर काही करता येत नाही. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आधीच सांगा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. फोनच्या क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत गेले, तर तो बदलत्या फ्रेम रेटचा परिणाम. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून ती क्लिप पुन्हा काढा आणि मग आत घ्या.

कार्ड कधी पुसायचं

इम्पोर्ट झाल्या झाल्या नाही. दोन्ही डिस्कवरच्या कॉपींतून प्रत्येक कार्डाची पहिली, मधली आणि शेवटची क्लिप चालवून बघा. शेवटची जरूर बघा, कारण तुटलेली कॉपी तिथेच उघडी पडते. मग कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्याच मेनूतून फॉरमॅट करा. कॉम्प्युटरवर फाइली डिलीट केल्या तर सोनीचा कॅमेरा डेटाबेस बिघडल्याची तक्रार करतो, आणि मॅकवर कचरापेटी रिकामी करेपर्यंत कार्डावरची जागा मोकळी होतच नाही. फॉरमॅट करण्याआधी लॉकची खिटी पुन्हा वर सरकवा, नाहीतर कॅमेरा फॉरमॅटही करणार नाही आणि रेकॉर्डिंगही.