पेल्यातलं पेट्रोल नीट बघा

छोट्या विमानाची उड्डाणापूर्वीची तपासणी करताना टाकीच्या तळातून थोडं इंधन पेल्यात काढून त्यात पाणी शिरलंय का ते बघतात. त्यात घाई होते आणि नेमकी तिथेच फसगत होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते पेल्याच्या तळाशी बसतं आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण अख्खा पेलाच पाण्याने भरला असेल तर? मग रेघ कुठली दिसणार! सगळं एकसारखं, स्वच्छ, आणि आपण खूश.

म्हणून आधी रंग बघायचा. १००एलएल हे विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. आकाशाकडे पेला धरून बघू नका, आकाशच निळं. पांढऱ्या पंखासमोर किंवा कागदासमोर धरा. मग वास घ्या. तरीही शंका असेल तर त्याच पेल्यात मुद्दाम दोन थेंब पाणी टाका. पेट्रोल असेल तर थेंब गोळी होऊन तळाशी जातील, पाणी असेल तर मिसळून जातील.

इंधन भरल्याबरोबर नमुना काढण्यात अर्थ नाही, पाणी खाली बसायला वेळ लागतो. तोवर बाकीची तपासणी उरका. पाणी सापडलं तर पंख हलकेच हलवून पुन्हा काढा, स्वच्छ येईपर्यंत. आणि नमुना काढायच्या झडपा सगळ्या तपासायच्या, इंजिनाखालची धरून. सेसना १७२एस या छोट्या विमानाला अशा १३ आहेत. कंटाळा येतो खरा. शेवटी प्रत्येक झडप पूर्ण बंद झाली ना, थेंब गळत नाही ना, हे वाकून बघा.