केबलचं बिल कसं कमी करावं, घरात कुणाची मालिका न मोडता

जून महिना मराठवाड्यातल्या घरांना जड जातो. बी-बियाणं, खत, पेरणीची मजुरी, लेकरांच्या वह्या-पुस्तकं, गणवेश, सगळं एकदमच अंगावर येतं. दोन वर्षांपूर्वी अशाच जूनमध्ये परभणीच्या आमच्या घरात मी खर्चाची वही घेऊन बसले, तर केबलपुढं ६८० रुपये लिहिलेले. खालच्या खोलीतला एक बॉक्स, वरच्या खोलीतला एक, प्रत्येकी ३४०. कित्येक वर्षं आम्ही हे पैसे भरत होतो आणि त्यात नेमकं काय येतं, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

पहिला विचार आला तो केबल तोडूनच टाकायचा. तसं करू नका, हे आधीच सांगते. आमच्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. गुडघ्यांमुळं त्या फारशा बाहेर पडत नाहीत. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की त्यांची मालिका सुरू होते, शेजारच्या दोघी काकू येऊन बसतात, शेंगा फोडता फोडता गप्पा होतात. चार पैसे वाचवायला ही बैठक मोडणं मला पटलं नाही. जे कुणी बघतच नाही त्याचे पैसे बंद करायचे आणि जे बघतात त्याला हात लावायचा नाही, एवढं ठरवलं. पुढचं सगळं त्याच धोरणानं केलं आहे.

आधी आठ दिवस वही ठेवा

टीव्हीशेजारी खिळ्याला एक वही आणि दोरीला पेन्सिल बांधा. घरात जे जे चॅनल लागतं त्याचा नंबर आणि वेळ प्रत्येकानं लिहायची. आत्यांना लिहिता येत नाही, म्हणून मी नेहमीच्या चॅनलांचे नंबर आधीच मांडून ठेवले होते. त्या नुसती पुढं एक रेघ ओढायच्या. आठवडाभरानं वही पाहिली, तर एका नंबरापुढं रेघांची रांग, दुसऱ्यापुढं थोड्या, बातम्यांच्या दोन चॅनलांपुढं सकाळच्या खुणा, रविवारी एक सिनेमा. दोनशेच्या वर चॅनलांमधून घरात खरोखर लागत होती फक्त सात. वरच्या खोलीतला टीव्ही तर आठवड्यात तीनदाच लागला होता, तोही मुलांच्या कार्टूनसाठी.

या पायरीला घाई करू नका. "तुम्ही काय बघता?" असं विचारलं की माणूस "सगळंच बघतो" म्हणतो. वहीत मात्र खरं येतं. क्रिकेटचे सामने किंवा परीक्षा चालू असतील तो आठवडा सोडून साधा आठवडा धरा.

बिल उलगडून वाचा

केबल असो वा डीटीएच, बिलाचे तीन भाग असतात. पहिला भाग नेटवर्क शुल्क, म्हणजे तार आणि सिग्नल घरापर्यंत आणण्याचे पैसे. दुसरा सशुल्क चॅनलांची किंमत. तिसरा १८ टक्के जीएसटी. फुकट चॅनलांना वेगळी किंमत नसते. ती नेटवर्क शुल्कातच येतात.

ट्राय या सरकारी नियामकानं २०१९ मध्ये नवी पद्धत लागू केली, तेव्हापासून चॅनल एक-एक करून निवडायचा हक्क ग्राहकाला आहे. त्या वेळी १०० चॅनलांसाठी नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे होतं. २०२० मध्ये तेवढ्याच पैशात २०० चॅनल देणं बंधनकारक झालं. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही वरची मर्यादा काढली, त्यामुळं आता प्रत्येक कंपनी आपलं शुल्क स्वतः ठरवते. आपल्या गावात आज ते किती आहे, हे कंपनीच्या वेबसाईटवर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर विचारून घ्या. शेजारच्या गल्लीतल्या माणसाला वेगळ्या कंपनीचा बॉक्स असेल तर त्याचा आकडा आपल्याला लागू पडत नाही.

आता हिशोब मांडा. समजा नेटवर्क शुल्क १३० रुपये आहे आणि वहीतल्या सशुल्क चॅनलांची बेरीज ६० रुपये होते. मिळून १९०. त्यावर १८ टक्के, म्हणजे ३४ रुपये २० पैसे. एकूण २२४ रुपये २० पैसे. आमच्या ३४० च्या बॉक्सवर हाच फरक निघाला. उरलेले ११५ रुपये आम्ही न बघितलेल्या दक्षिणेकडच्या सिनेमांना, इंग्रजी चॅनलांना आणि एकाच कार्यक्रमाच्या एचडी प्रतीला देत होतो. जुना टीव्ही असेल तर एचडीचा काहीच उपयोग नाही. तेच चॅनल साध्या रूपात स्वस्त मिळतं.

इथं एक गोष्ट जपून बघा. एकाच समूहाची, म्हणजे एकाच मालक-कंपनीची, तीन-चार चॅनलं लागत असतील तर सुटी घेण्यापेक्षा त्या समूहाचा छोटा संच स्वस्त पडू शकतो. सुट्या चॅनलांची बेरीज ३५ आणि संच २५ ला असेल तर संचच घ्यावा. पण त्या संचातलं एकच चॅनल बघत असाल तर ते सुटंच बरं. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा, म्हणजे गोंधळ होत नाही.

केबलवाल्या भाऊंशी बोलताना

आमचा अनुभव सांगते. पहिल्यांदा यादी घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "ताई, सुटं मिळतच नाही, सगळ्यांना हाच पॅक आहे." मी परत आले, कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन लावला, तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक वहीत लिहून घेतला. तो क्रमांक दाखवल्यावर दोन दिवसांत आमची यादी लागू झाली. पोरगा वाईट नव्हता. एक-एक बॉक्स बदलत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकच पॅक लावणं त्याला सोपं पडतं, एवढंच कारण. म्हणून भांडायला जाऊ नका, तयारीनं जा.

तयारी म्हणजे बॉक्सच्या खालच्या चिकटपट्टीवरचा नंबर, हव्या असलेल्या चॅनलांची नंबरासकट यादी आणि आपण काढलेली बेरीज. रिचार्ज संपायच्या तीन-चार दिवस आधी जा. आधीच पुढच्या महिन्याचा पॅक लागला तर महिनाभर थांबावं लागतं. पैसे दिले की पावती मागा. कंपनीनंही ऐकलं नाही तर तिच्या नोडल अधिकाऱ्याकडं, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, लेखी तक्रार करता येते, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहेच.

घरात दुसरा बॉक्स असेल तर त्याला सवलत आहे का, ते मुद्दाम विचारा. आमच्याकडून दुसऱ्या बॉक्सचेही पूर्ण पैसे घेतले जात होते, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले तर सूट मिळते, असंही सांगतील. ती सूट खरी असते, पण नवी यादी घरात एक महिना चालवून पाहिल्याशिवाय वर्षाचे पैसे अडकवू नका.

बीड, धाराशिव, जालना भागातली ज्यांची घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांच्या घराला चार-पाच महिने कुलूप असतं. त्यांनी निघण्याआधी सेवा तात्पुरती बंद ठेवण्याचा अर्ज जरूर द्यावा. नुसतं रिचार्ज थांबवून गेलं आणि परत आल्यावर मागची बाकी म्हणून पैसे मागितले गेले, तर हातात काहीतरी लेखी असलेलं बरं.

दुसऱ्या टीव्हीसाठी फ्री डिश

वरच्या खोलीतला बॉक्स आम्ही परत केला आणि तिथं डीडी फ्री डिश बसवली. प्रसार भारतीची ही सेवा २००४ पासून चालू आहे आणि तिला महिन्याचं शुल्क नाही. छत्री, बॉक्स आणि वायर यांचा एकदाच खर्च. आम्हाला बसवण्यासकट १,७०० रुपये लागले. बंद झालेल्या ३४० रुपयांतून ते पाच महिन्यांत वसूल झाले.

काय दिसत नाही, हे आधी घरात सांगा. मराठीतल्या मोठ्या मालिकांची सशुल्क चॅनलं तिथं नसतात. दूरदर्शनची सगळी चॅनलं, त्यात आपलं सह्याद्री, हिंदी सिनेमे, बातम्या, गाणी आणि काही मराठी खासगी चॅनलं दिसतात. खासगी चॅनलांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळं यादी बदलत राहते. बॉक्स घेताना एमपीईजी-४ या नव्या पद्धतीचा घ्या. जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर काही चॅनलं लागतच नाहीत. क्रिकेट बघणाऱ्यांना एक फायदा आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, म्हणून भारताच्या संघाचे बरेचसे सामने डीडी स्पोर्ट्सवर दिसतात. आयपीएलला हा नियम लागू नाही.

छत्री कुठं बसवायची, याला खरं महत्त्व आहे. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातून पाहिलं तर आग्नेयेला, बराच वर. गच्चीवर उभं राहून त्या दिशेला बघा. शेजारचा लिंब किंवा चिंच आड येत असेल तर जागा बदला. उन्हाळ्यात पानगळीत लागलेला सिग्नल पावसाळ्यात झाड भरलं की जातो. पत्र्याला भोक पाडून खांब लावू नका, तिथून पहिल्याच पावसात गळती लागते. विटांच्या भिंतीला पकड द्या. माळवदाच्या घरावर तर भिंतच सुरक्षित.

आमच्याकडं वानरं आली. पहिल्या आठवड्यात एक जण छत्रीच्या दांड्यावर झोके घेऊन गेला आणि सह्याद्री गायब झाली. मिस्त्री परत आले, त्यांनी छत्री कठड्याच्या आतल्या बाजूला खाली घेतली, बोल्टला दुहेरी नट लावले. दिशा बरोबर जुळल्यावर दांड्याच्या मुळाशी आम्ही ऑईल पेंटनं खूण करून ठेवली. आता वाऱ्यानं हलली तर खुणेला खूण जुळवायची, मिस्त्रीला बोलवावं लागत नाही.

मोबाईलचा हिशोब वेगळा धरा

"केबल कशाला, मोबाईलवर सगळं दिसतं," असं मुलं म्हणतात. दिसतं, पण साधारण दर्जाचा व्हिडिओ तासाला एक जीबीच्या आसपास डेटा खातो, एचडी त्याच्या दोन-तीन पट. रोज दीड जीबीच्या पॅकवर दीड तासात दिवसाचा डेटा संपतो, मग जास्तीचं रिचार्ज. त्यात दोन-तीन ॲपची वर्गणी धरली की केबलचे वाचलेले पैसे तिकडं गेलेच. घेतलेली वर्गणी ऑटो-पेवर चालू आहे का, ते आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन बघा. आमच्याकडं एका ॲपचे पैसे सात महिने जात होते आणि ते कुणी उघडतही नव्हतं. ते मी तिथल्या तिथं बंद केलं. एखादी मालिका मोबाईलवर बघायचीच असेल तर आधी फुकटातलं बघा. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ पासून आहे, त्यावर दूरदर्शन थेट दिसतं.

रात्री झोपताना रिमोटनं टीव्ही बंद केला तरी बॉक्सचा लाल दिवा जळतच असतो. तो १० वॅट घेत असेल तर दिवसभर चालू राहिल्यावर महिन्याला सातेक युनिट होतात. म्हणून बटण भिंतीवरच बंद करा. अवकाळीचे ढग भरून आले, गडगडाट सुरू झाला की पिन आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. वीज पडून बॉक्स जळाला तर वर्षभराची बचत एका रात्रीत जाते.

आमचं ६८० चं बिल आता सव्वादोनशेच्या आसपास येतं. वही अजून त्याच खिळ्याला आहे. दर तीन महिन्यांनी आठ दिवस ती पुन्हा भरतो, कारण मालिका संपतात, चॅनलांच्या किमती बदलतात. आत्यांची साडेसातची मालिका मागच्या आठवड्यात संपली. नवी कोणती धरायची, हे काकूंशी बोलून त्या सांगणार आहेत, तोवर त्या चॅनलपुढं मी पेन्सिलनं काट मारून ठेवली आहे.