कॉपीराइटची नोटीस, कोलॅबची ऑफर आणि सहा आकडी कोड

इन्स्टाग्रामवर साड्या विकणारे, गणेश मंडळाचं फेसबुक पेज सांभाळणारे, यूट्यूबवर रेसिपी टाकणारे, कुणीही असा. खातं बळकावणाऱ्याला तुमच्याकडून तीनपैकी एक गोष्ट हवी असते: पासवर्ड, मोबाइलवर आलेला कोड, किंवा त्याने पाठवलेल्या फाइलवर तुमचं क्लिक. बाकी सगळा नुसता मालमसाला.

‘तुमच्या रीलमुळे कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत अपील करा, नाहीतर पेज कायमचं बंद’ हा मेसेज ‘मेटा सपोर्ट’ नावाच्या, निळा लोगो लावलेल्या खात्यावरून येतो. मेटा, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकची कंपनी, अशी नोटीस डीएमवर पाठवत नाही. ई-मेल आला असेल तर त्यातल्या लिंकला हात न लावता ॲप उघडा आणि सेटिंग्जमधून अकाउंट्स सेंटर, पासवर्ड अँड सिक्युरिटी, रीसेंट ई-मेल्स असं जा. इन्स्टाग्रामने गेल्या १४ दिवसांत पाठवलेले सुरक्षेचे ई-मेल तिथे दिसतात. पोस्टवर खरोखर कारवाई झाली असेल तर ती ‘अकाउंट स्टेटस’मध्ये असते. दोन्हीकडे काही नसेल तर ई-मेल सरळ डिलीट करा.

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागणारं दुसरं कुलूप, लावलंय म्हणून निर्धास्त राहू नका. बनावट पान पासवर्डनंतर कोडही विचारतं आणि तो कोड तत्क्षणी खऱ्या साइटवर टाकला जातो. इथे पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या स्क्रीन लॉकने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन) वरचढ ठरते, कारण ती खऱ्या पत्त्याच्या साइटशीच बांधलेली असते. हुबेहूब दिसणाऱ्या पानावर ती चालतच नाही. गूगल खात्याला ती आजच लावा.

नुसता पाठवणाऱ्याचा पत्ता बघूनही भागत नाही. मार्च २०२५ मध्ये यूट्यूबने स्वतःच सावध केलं होतं: भामटे यूट्यूबचे सीईओ नील मोहन यांचा एआयने बनवलेला व्हिडिओ प्रायव्हेट व्हिडिओ म्हणून शेअर करत होते. असा व्हिडिओ शेअर केला की सूचनेचा ई-मेल खुद्द यूट्यूबच्या पत्त्यावरून येतो.

यूट्यूबवाल्यांना सगळ्यात महागात पडते ती ‘कोलॅब’ची, म्हणजे ब्रँडसाठी पैसे घेऊन व्हिडिओ करण्याची ऑफर. बोलणं व्यवस्थित होतं, पैसेही बरे ठरतात. मग ‘करार’ किंवा ‘ब्रीफ’ म्हणून झिप फाइल येते आणि तिचा पासवर्ड ई-मेलमध्येच दिलेला असतो. पासवर्ड असल्यामुळे ई-मेलचा स्कॅनर आत डोकावू शकत नाही. आतल्या फाइलचं चिन्ह पीडीएफचं, पण शेवट ‘डॉट एससीआर’ किंवा ‘डॉट ईएक्सई’. विंडोज हा शेवट मुळात लपवूनच ठेवतं, म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, फाइल नेम एक्स्टेन्शन्स सुरू करा. दोन पानी करार ६००-७०० एमबीचा असेल तर तो करार नव्हे. अँटिव्हायरसने मोठी फाइल तपासायचं टाळावं म्हणून ती मुद्दाम फुगवलेली असते. उघडली की ती ब्राउझरमधल्या सेशन कुकीज उचलते. कुकी म्हणजे आधीच लॉगिन झाल्याचा पास, त्यामुळे ना पासवर्ड लागतो ना कोड. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्ससारखं तंत्रज्ञानावरचंच चॅनेल असंच गेलं. करार बघायचाच असेल तर गूगल डॉक्सवर शेअर करायला सांगा; खऱ्या ब्रँडला त्यात अडचण नसते.

व्हॉट्सॲपचं सोपं आहे. ‘चुकून तुझ्या नंबरवर कोड गेला, पाठव ना’ असं मावशीच्या नंबरवरून आलं, तर मावशीचं खातं आधीच गेलेलं आहे आणि तो कोड तुमच्याच खात्याचा आहे. तिला साधा फोन करा. सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ आकडी पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी काही दिसलं तर लॉग आउट करा.

पेज चालवायला मुलगा ठेवला असेल तर त्याला पासवर्ड देऊ नका. यूट्यूब स्टुडिओत परमिशन्समधून ‘एडिटर’ करा; त्याला चॅनेल डिलीट करता येत नाही. गूगलचे १० बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिनसाठीचे) कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवला तर फोन हरवल्यावर कोडही गेले.

खातं गेलंच, तर आधी ई-मेल वाचवा, कारण बाकी सगळं त्याच्या जोरावर परत मिळतं. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. इन्स्टाग्रामचा ई-मेल पत्ता बदलला गेला असेल तर जुन्या पत्त्यावर ‘सिक्युरिटी ॲट मेल डॉट इन्स्टाग्राम डॉट कॉम’वरून सूचना येते; तीतून बदल मागे घेता येतो. नाहीच जमलं तर ‘इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड’ या पानावर जा. व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नंबरने पुन्हा नोंदणी केली की समोरचा आपोआप बाहेर पडतो. त्याने पिन लावला असेल तर तुम्हाला आत जायला ७ दिवस थांबावं लागेल, पण तोही आत राहत नाही.

या काळात ‘अमुक भावाने माझं खातं परत आणून दिलं’ अशा कमेंट्स हमखास येतात. तो भाऊही त्याच धंद्यातला. फी म्हणून एक रुपयाही देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. कंपनी दाद देत नसेल तर तिच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. २४ तासांत पोच मिळायला हवी. त्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.