नंदीची झूल उशीसारखी फुगली तेव्हा

तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांनी लाकडी नंदी मिरवायचा सण, तीन दिवसांवर आला आणि नातवाच्या लाकडी नंदीसाठी मी चिंध्यांची इवलीशी वाकळ शिवायला घेतली. झूल म्हणून. ब्लाउजपीसच्या उरलेल्या तुकड्यांचे दीड-दीड इंची चौकोन कापले. दोन्हीकडे पाव-पाव इंच शिलाईत गेलं की एक इंच उरतो. 8 गुणिले 6, म्हणजे 48 ठिगळं.

पहिला घाट फसला. घरात कापूस होताच, तो पिंजून आत भरला. शेजारच्या काकूंनी उचलून पाहिलं नि म्हणाल्या, "बाई, हे वाकळ हाय का उशी?" खरंच, नंदीच्या पाठीवर ती लवेचना, दोन्ही कडा पंखांसारख्या ताठ.

रात्री बसून उसवली. कापूस काढून जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा एकच थर घातला. वस्तू एवढी लहान असली की जाड भरणी वळतच नाही. मागच्या शिलाईची कापडं नखाने दाबून दोन्हीकडे पसरवली, तसे ठिगळांच्या जोडावरचे गोळे सपाट झाले. टेरिकॉटचे दोन तुकडे सुतीजवळ सतत सरकत होते, तेही हाकलले. मग मधून कडेकडे कच्चा टाका घालून धावदोरा मारला.

मशीन मात्र नका वापरू. माझ्या मशीनने दोन चौकोन दातऱ्यात ओढून गिळले. हातानेच बरं.

झूल बांधायचे बंद लावायचे राहिले होते, ते मिरवणुकीच्या दिवशी सकाळी लावले.