नवीन वर्षाचं प्लॅनिंग करताना या चुका टाळा

डिसेंबर संपत आला की नवीन कॅलेंडर घरी येतं, खिळ्यावरचं जुनं उतरतं आणि थेट रद्दीत जातं, आणि माझ्या मते पहिली चूक इथेच होते. त्या जुन्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे असतात, सिलेंडर कधी लावला ते असतं, डॉक्टरची तारीख असते, म्हणजे अख्खं वर्षच असतं की तिथे. आपण मात्र 31 तारखेला रात्री डायरी घेऊन बसतो आणि आठवेल ते लिहितो. आठवतं काय तर दिवाळी आणि त्यानंतरचं एखादं लग्न. जूनमध्ये काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

मला अगदी खात्री होती की आईची शुगर आम्ही दर तीन महिन्यांनी तपासतो. कॅलेंडरची पानं उलटली तर फेब्रुवारीत एकदा नोंद आणि त्यानंतर थेट सप्टेंबर! फार वाईट वाटलं. म्हणून सांगते, आधी पानं उलटा, फोनमधले फोटो महिन्यामहिन्याने बघा, यूपीआयची हिस्टरी काढा, आणि मगच पेन हातात घ्या.

दुसरी चूक म्हणजे गेल्या वर्षीचं बजेट जसंच्या तसं उतरवणं. 2026 मध्ये हे चालणारच नाही कारण अधिक महिना आहे, अधिक ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. 2025 ला गणपती 27 ऑगस्टला आले होते, 2026 ला 14 सप्टेंबरला येतायत, आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरवरून 8 नोव्हेंबरवर गेलंय. म्हणजे बोनस, किराणा, कपडे, सगळंच पुढे सरकतं. धोंड्याच्या महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे लग्नं आधी तरी उरकतात नाहीतर जूनच्या शेवटाकडे जातात, आणि घरात नवीन जावई असेल तर वाण, अनारसे, कपडे हा खर्च वेगळा, तोही नेमका शाळेच्या फी आणि वह्यापुस्तकांच्या तोंडावर. याचे पैसे जानेवारीपासून थोडे थोडे बाजूला टाका, मे महिन्यात एकदम निघत नाहीत.

कोकणात जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर 2024 पासून), म्हणजे 12 सप्टेंबरला निघायचं असेल तर 14 जुलैला सकाळीच फोन घेऊन बसायचं. हे आत्ताच जुलैच्या पानावर लिहा.

पैशाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, एप्रिलमध्ये होतं, हेही बरेच जण विसरतात आणि मार्चमध्ये धावपळ करतात. पीपीएफमध्ये वर्षाचे पैसे एकदम टाकणार असाल तर 5 एप्रिलच्या आत टाका, पूर्ण वर्षाचं व्याज मिळतं.

आणि तेच तेच संकल्प. "रोज चालायला जायचं" हे सलग तिसऱ्या वर्षी लिहिताय का? मग इच्छाशक्तीला दोष देऊ नका, वेळ बघा. सकाळी डबे, मुलांची बस, पाणी जायच्या आत भरणं, यात तो तास येणार कुठून? रात्री जेवणानंतर वीस मिनिटं जमत असतील तर तेवढंच लिहा. नाहीतर सरळ काढून टाका, दुसऱ्या कशाला तरी जागा होईल.

एकट्याने बसून ठरवू नका, घरच्यांना घेऊन बसा. नवऱ्याने गाडी बदलायचं मनात धरलेलं असतं, बायकोने बाथरूमच्या गळतीचं, आणि पैसे तर तेच असतात. हे मार्चमध्ये कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

फेब्रुवारीतच सगळं बारगळलं तर? पुढच्या जानेवारीची वाट बघू नका, पाडवा 19 मार्चला आहे. त्या दिवशी कागद परत काढा, राहिलेल्या कामांना उरलेल्या महिन्यांतल्या नवीन तारखा द्या, आणि कॅलेंडरवर पेन्सिलनेच लिहा म्हणजे पुसून सरकवता येतं.